तुझ्या आठवड्यातलं दुखणं

हुपरी
५ जानेवारी, रविवार

विद्याश्री,

आन् वर तू लोकांना सांगतीस, थोरलीनं हाकललं. मी हाकललं न्हाय. मी एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर द्यायचं सोडून तू ट्रंका भरल्यास, नवऱ्याला उठवलंस आन् पोरीला काखेत मारून कोल्हापूरची एस्टी धरलीस. ट्रंका भर म्हणून मी सांगितलं व्हय? फोन ब्लॉक कर म्हणून सांगितलं? चार दिवस लावतेय, कोण एक बाई इंग्लिशमधनं काहीतरी म्हणती आन् बंद. शेवटी जुनी वही फाडून लिहाय बसले. माझी शाळा चौथीपर्यंत, तुला म्हाईत हाय. अक्षर लागलं न्हाय तर नवऱ्याकडनं, बसवेशकडनं वाचून घे. न्हाय, त्याच्याकडनं नको. तूच वाच.

विष हा शब्द मी काढलेला न्हाय. तो तुझ्या तोंडातनं आला. तू भाकरी थापत हुतीस, तवा मी एवढंच म्हटलं, विद्या, माझ्या पोटात कळ येती ती तुझ्याच स्वयंपाकाच्या आठवड्यात का येती. ह्यात विष कुठं हाय? तू पिठाचा हात तसाच कमरेवर ठेवून म्हणालीस, "आक्का, मी तुम्हाला विष घालते असं म्हणायचंय काय?" दहा वर्षं जावा म्हणून एका छताखाली काढली, एवढं झोंबायचं कारण काय, ते सांग.

तुला सगळं ठाऊक हाय तरी लिहिते. कागदावर ऱ्हायलं पाहिजे. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी पहिली कळ आली. पैंजणाच्या कड्या जोडत बसलते. बेंबीच्या भवतीनं कुणी तार घालून पिळल्यागत झालं. हातातला चिमटा कुठं पडला कळलं न्हाय. पोलकं घामानं चिंब. अर्धा तास फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले, आन् आली तशी गेली. मी उठून चिमटा शोधला, ऱ्हायलेल्या कड्या जोडल्या. आठ दिवसांनी परत. मग चार दिवसांनी. शौचाला दोन-दोन दिवस होत न्हाय, तोंडाला पैसा चोखल्यागत चव. सोनोग्राफी झाली, स्वच्छ. नळीला कॅमेरा लावून घशातनं घातला, ते बी स्वच्छ. एक डॉक्टर म्हणाला गॅस. दुसरा म्हणाला, बाई, काळजी कमी करा. मला कसली काळजी? माझी काळजी म्हंजे ही कळच की.

मग मी कॅलेंडरवर फुल्या माराय लागले. आपलं ठरलेलं हुतं, एक आठवडा तू चुलीपाशी आन् मी कामाला, दुसरा आठवडा मी चुलीपाशी आन् तू कामाला. दिवाळीपासनं अकरा फुल्या झाल्या. त्यातल्या नऊ तुझ्या आठवड्यात. ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "डॉक्टरला पोटात कॅमेरा घालून दिसलं न्हाय, ते तुला कॅलेंडरात दिसलं व्हय?" आन् हसले. मी हसले न्हाय. तुझे मोठे दीर चांदीच्या तारेला डोळा लावून बसणार, त्यांना घरात काय चाललंय ते कधी दिसलंय?

तू म्हणालीस, सगळी एकाच पातेल्यातलं खातोय, मग तुमच्याच पोटात का. तेच मी विचारतेय. सगळ्यांच्या आधी माझ्या एकटीच्या पुढ्यात काय यायचं? सकाळची आंबील. तुम्ही सगळी चहावाली. कळ याय लागल्यापासनं तर तू मला दोन-दोन वाट्या द्यायचीस, पोटाला थंड म्हणून. मी बी प्यायची. आता वाटतंय, एवढा आग्रह कशाला करत हुतीस?

त्यावर तू पोरीला पुढं केलंस. "माझी शांभवी तुमच्या मांडीला मांडी लावून तीच आंबील पिती, तिला घालीन व्हय मी?" ते खरं हाय. थोरल्या आईला हाक मारावी तशी दोड्डव्वा, दोड्डव्वा करत माझ्याच वाटीत तोंड घालायची. पण ती पिणार घोटभर. आन् ती बी मधनंमधनं पोट धरायची ती माझं बघून, शाळा बुडवायला. सहा वर्षांच्या पोरीला सोंग तेवढं लवकर येतंय.

ह्याचं उत्तर टाक. फोनवर नको. कागदावर टाक.

शांतव्वा प्रभुलिंग


हुपरी
१८ जानेवारी, शनिवार

विद्याश्री,

तुझी चिठ्ठी पोचली. एवढा मोठा कागद आन् त्यावर एकच ओळ. "आक्का, मी गेल्यावर तुमचं पोट ऱ्हायलं असंल तर झालं की." हे टोमण्यानं लिहिलंस का कबूल केलंस, ते मला तीनदा वाचून बी ठरवता येईना. ह्यांना दाखवली तर म्हणाले, रडून लिहिलेलं दिसतंय. ह्यांना कागदातनं रडणं दिसतंय, कॅलेंडरातनं फुली दिसत न्हाय.

तर ऐक. व्हय, ऱ्हायलं. तू गेल्याला सोळा दिवस झाले, एक बी फुली न्हाय. शौचाला साफ होतंय. तोंडाची ती चव गेली. दोन भाकरी जात्यात. मी माझ्या हातचं खातेय, सकाळी दूध-भाकरी. आंबील केलीच न्हाय. पीठ भिजत घाला, दुसऱ्या दिवशी शिजवा, मग ताक घालून परत आंबवत ठेवा, एवढा दम मला कधी हुता? माझ्या आठवड्यात बी मी ती कधी धड केली न्हाय, ताकात पीठ कालवून प्यायची न्हायतर नुसतं पाणी. शेजारची मोना परवा कुंपणावरनं म्हणाली, "काकू, तोंडावर तेज आलंय. घरातली हवा बदलली की असं होतंय." तिला काय म्हणायचं हुतं ते मला कळलं. तुला बी कळंल.

तुमचा वाटा पाठवलाय. पाटलांचा टेंपो कोल्हापूरला गुजरीत, सराफांकडं येणार हुता, त्यात टाकलं. दोन डबे, परात, रवी, पोळपाट आन् ती पितळेची तपेली. तपेली खरं तर थोरलीकडं यायची, सासूबाईंची वस्तू. पण तू सतरांदा तिच्यात हात घातलेला, मला ती नजरेसमोर नको. घेऊन जा. तळाशी शांभवीच्या चपला हायत, चुलीमागं सापडल्या. आन् तिचं ते घुंगरू लावलेलं पैंजण, एका पायातलं. दुसरं तिच्याजवळ असंल. पोरीवर माझा राग न्हाय, हे तिला सांग. न्हाय सांगितलंस तरी मला कळणार न्हाय, हे बी मला म्हाईत हाय.

घरी आता आम्ही दोघंच. बोलाय कोण न्हाय म्हणून पत्र लांबतंय, दुसरं काय न्हाय.

शांतव्वा


हुपरी
३ फेब्रुवारी, सोमवार

विद्या,

परत आली. काल दुपारी. तू न्हाईस, तुझा आठवडा न्हाय, तरी आली.

मी आधी सगळं घर धुंडाळलं. तुझ्या हातची काय वस्तू ऱ्हायलीय का बघितलं. फडताळात तुझी शेंगदाण्याची चटणी हुती, अर्धी बरणी, त्यातली मी परवा दोनदा खाल्लती. बरणीसकट उकिरड्यावर टाकली. हे उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन बघत हुते. म्हणाले, "आता चटणी. उद्या भिंतीचा रंग खरवडशील." मी म्हटलं, "तुमच्या पोटात आली असती म्हंजे कळलं असतं." संध्याकाळी मला म्हणाले, उद्या कोल्हापूरला जाऊ, नवा डॉक्टर बघू.

आज जाऊन आलो. हा डॉक्टर तरणाच हाय, कानात बाळी. मला वाटलं ह्याला काय कळणार. पण ह्यानं पोट दाबायच्या आधी विचारलं, घरात धंदा काय. ह्यांनी सांगितलं, चांदीचं पैंजण. मग म्हणाला, ओठ वर करा. म्हशीचे दात बघावेत तशी हिरडी बघितली, बॅटरी मारून. तिथं निळी रेघ हाय म्हणाला. मी म्हटलं, मिसरीची असंल. म्हणाला, मिसरीची न्हाय. रक्त काढलं. ह्यांचं बी काढलं. पुण्याला पाठवणार, आठवडा लागंल. कसलं रक्त तपासताय म्हणून विचारलं तर म्हणाला, "आलं की सांगतो, आत्ताच कुणावर बोट ठेवू नका." मी कुणाचं नाव सुद्धा काढलं नव्हतं. ह्याला कसं कळलं मी कुणावर बोट ठेवतेय? ह्यांनी माझ्या माघारी त्याला काय सांगितलं का?

येताना मंगळवार पेठेत उतरले. हे म्हणाले, जायचं तर जाऊ वर. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. वरच्या गॅलरीत शांभवीचा शाळेचा गणवेश वाळत हुता. सोमवार, शाळेचा दिवस, आन् गणवेश दोरीवर. आजारी हाय काय? का तो बघून मी वर येते का ते बघायला टांगलावतास? मी आत आले न्हाय. बोलवल्याशिवाय मी येत न्हाय.

पोरीला काय झालंय तेवढं कळव.

शांतव्वा


हुपरी
११ फेब्रुवारी, मंगळवार

विद्याश्री बसवेश,

आता तुझ्या तोंडातला शब्द मी लिहिते. विष.

शिसं निघालंय. माझ्या रक्तात शिसं. कागदावर शिक्का हाय, झेरॉक्स काढून ठेवलीय. आकडा बावन्न. दहाच्या आत असाय पाहिजे म्हणाला. ह्यांचा सात. एकाच घरात, एकाच कारखान्याच्या धुरात आम्ही दोघं, ह्यांचा सात आन् माझा बावन्न. डॉक्टर म्हणाला, नाकातनं गेलं असतं तर दोघांच्या अंगात दिसलं असतं. हे तोंडातनं गेलंय, खाण्यापिण्यातनं, रोज थोडं थोडं, दोन-तीन महिने. परवाची कळ का आली विचारलं, तर म्हणाला, हाडात साठलेलं हळूहळू बाहेर पडतंय, अजून बी येतील.

म्हंजे मी खुळी न्हवते. अकरा फुल्या खोट्या न्हवत्या.

शिसं आपल्या घरात कुठं असतं? कामाच्या खोलीतल्या कपाटात. कचऱ्यातली चांदी काढायला लागतं म्हणून आणलेलं. त्या कपाटाच्या किल्ल्या दोन. एक ह्यांच्या करगोट्याला, दुसरी तुझ्या नवऱ्याच्या. मी किती वेळा बघितलंय, बसवेश कपाट उघडं टाकून चहाला जायचा. तिथनं चुलीपर्यंत नऊ पावलं. मी आज मोजली.

कशासाठी केलंत तेवढं सांगा. कारखाना पाहिजे हुता काय? मागितला असता तर दिला असता. मला पोर न्हाय, मी कुणासाठी धरून बसले असते? तुझ्या पोरीलाच सगळं जाणार हुतं की.

डॉक्टरनं भांड्यांचं विचारलं. पितळेची, तांब्याची काय हायत का, कल्हई असलेली. मी सांगितलं, सगळी स्टीलची. चहाचं बी स्टीलचं. मग तो म्हणाला, तर मग दुसरं काय ते शोधाय पाहिजे. मी शोधलंय.

पोलीस ठाण्यात जायचं का न्हाय ते मी शिवरात्रीपर्यंत ठरवते. हे आडवे पडल्यात, म्हणत्यात माझ्या भावाला ठाण्यात नेलंस तर माझं तोंड बघू नकोस. नेलंच पाहिजे असं न्हाय. तू खरं लिही, मग मी गप बसते.

शांतव्वा प्रभुलिंग


हुपरी
२० फेब्रुवारी, गुरुवार

विद्या,

ठाण्यात गेले न्हाय. जात बी न्हाय. घरातलं घरात ऱ्हाऊ दे.

दुसरंच काम हाय. ती तपेली परत पाठव. सासूबाईंची आठवण म्हणून घरात ठेवावी असं माझ्या मनात आलंय. शिवरात्रीला त्यांच्या फोटोपुढं नैवेद्य ठेवायला लागती. पूर्वी ठेवत नव्हते म्हणशील. पूर्वी आठवत नव्हतं, आता आठवतंय. तिच्या बदल्यात नवी स्टीलची पाठवते, बुडाला तांबं लावलेली, झाकणासकट. पाटलांचा टेंपो सोमवारी येणार हाय, त्याच्याकडं दे. धुऊ बिऊ नकोस, तशीच दे.

तोपर्यंत तिच्यात काय शिजवत असशील तर शिजवू नकोस. जुनं भांडं, कशाला झिजवतीस. फुलं-बिलं ठेवली असलीस तर ऱ्हाऊ दे.

एवढ्या तेवढ्या तपेलीसाठी ही का मागं लागलीय, असं तुझ्या मनात येणार. येऊ दे. म्हातारी व्हाय लागले, जुन्या वस्तूंवर जीव जातोय.

शांभवीचा गणवेश का वाळत हुता ते तू अजून लिहिलं न्हाईस.

आक्का


कोल्हापूर, तुझ्या जिन्यावर
२ मार्च, रविवार, सकाळ

विद्या,

हे वाचायच्या आधी आत जा आन् त्या तपेलीत जे काय असंल ते मोरीत ओत. आंबील असंल, ताक असंल, आमटी असंल, चिंचेचं पाणी असंल, सगळं. तपेली पोरीच्या हाताला लागणार न्हाय अशी ठेव. मग येऊन पुढचं वाच.

काल तुझी चिठ्ठी आली. तू लिहिलंस, "आक्का, तपेली मिळणार न्हाय, दिलेली वस्तू परत मागताय, लाज धरा. शांभवीचं पोट महिनाभर दुखतंय, शाळेतनं दोनदा उचलून आणली, डॉक्टर जंताचं औषध देत्यात. काय खात न्हाय, दोड्डव्वाची आंबील पाहिजे म्हणती म्हणून रोज आंबवून घालतेय. तेवढ्यानं तरी बरं वाटंल म्हणून. तुमचं ते शिसं-बिसं मला सांगू नका."

मी ते वाचलं आन् ह्यांच्या फोनवरनं बसवेशला लावला. तो म्हणाला, "वैनी, शांभवीचं नाव तुमच्या तोंडात नको," आन् ठेवला. परत लावला तर बंद. सकाळची पहिली एस्टी धरून आले. आता तासभर झाला. तुमच्या घरमालकाची सून, क्रांती का कोण, खाली नळावर धुणं धूत हुती. म्हणाली, वरची घरातच हायत. मी दार वाजवलं. तू आतनं म्हणालीस, "कोण?"

"मी. आक्का."

"आक्का, जावा तुम्ही."

"दार उघड. त्या तपेलीत विष हाय."

"चिठ्ठीनं जमलं न्हाय म्हणून आता दारात आलाय व्हय? तपेलीला आता सोनं लागलंय काय?"

"विद्या, पोरीला त्यातलं देऊ नकोस."

"पोरीचं मी बघते. तुम्ही तुमचं कॅलेंडर बघा."

आन् टीव्ही मोठा केलास. तुझी चूक न्हाय. मी नैवेद्याचं खोटं लिहिलं नसतं तर तू आज ऐकलं असतंस. म्हणून हे पायरीवर बसून लिहितेय, ह्या पत्रात खोटं एक अक्षर न्हाय. क्रांती मधनंमधनं वर बघती. बघू दे.

दसऱ्याच्या आधी कल्हईवाला आला हुता. तुला आठवंल, तू नळावर हंडा भरत हुतीस. बाकीची भांडी झालती, तपेली तेवढी ऱ्हायलती आन् त्याचं कथील संपलं. म्हणाला, "मावशी, एवढी उद्या करून देतो." मला उद्या कुठलं चालतंय? मी आत गेले. कपाट उघडंच हुतं. आतनं एक गोळा आणला आन् त्याच्यापुढं टाकला. म्हटलं, "हे घे पावणं, हे बी पांढरंच हाय." त्यानं नखानं खरवडलं. काळं नख झालं ते त्यानं मला दाखवलं. म्हणाला, "मावशी, हे शिसं हाय. खायच्या भांड्याला चालत न्हाय." मी म्हटलं, "माझ्या घरात तीन पिढ्या चांदी वितळती, तू मला धातू शिकवतोस? थोडं कथील ऱ्हायलंय ते आन् हे, दोन्ही घाल, वितळलं की एकच." तू हंडा खाली ठेवून म्हणालीस, "ऱ्हाऊ दे की आक्का, उद्या करू." मी म्हटलं, "तू गप. आंबील मला प्यायचीय." त्यानं मान खाली घालून कापूस फिरवला. चकाचक झाली. आरशागत. मी तुला दाखवली सुद्धा.

तुझ्याच आठवड्यात कळ का यायची ते बी सांगते. तू मनापासनं करायचीस. दोन-दोन रात्री आंबवायचीस, त्या तपेलीत, माझ्यासाठी. आंबट जेवढं जास्त तेवढं शिसं जास्त सुटतंय. माझ्या आठवड्यात मी आळस करायची म्हणून वाचायची. नऊ फुल्या खऱ्या. त्या तुझ्या चांगलेपणाच्या.

आता जे लिहितेय ते ह्यांना बी सांगितलेलं न्हाय. डॉक्टरच्या तोंडातनं शिसं म्हणून शब्द निघाला तवाच मला तो कल्हईवाला दिसला. त्याचं काळं नख दिसलं. मला कळलं हुतं, विद्या. त्याच खुर्चीत कळलं हुतं. तरी त्यानं भांड्यांचं विचारल्यावर मी स्टीलची म्हणाले. घरी येऊन तुला विष घातलं म्हणून लिहिलं, बसवेशच्या किल्लीचं लिहिलं, नऊ पावलं मोजल्याचं लिहिलं. पावलं मी मोजली हुती, पण माझी. नवऱ्यापुढं, मोनापुढं, सगळ्या गल्लीपुढं तुला चोर ठरवून झालं हुतं, आता कुठल्या तोंडानं म्हणू की मीच. मग वाटलं, तपेली तेवढी परत मागावी, कुणाला कळायचं न्हाय, पोरगी बी सुटंल. नैवेद्याची युक्ती केली. तू हुशार, तुला संशय आला. तुला संशय घ्यायला मीच शिकवलंय.

अकरा तारखेपासनं आज दोन. वीस दिवस झाले. वीस दिवस मला म्हाईत हुतं आन् शांभवी पीत हुती. ती सोंग करती असं मी जानेवारीत लिहिलं हुतं, ते फाडून टाक. न्हाय, ठेव. मोठी झाली की तिला दाखव.

तू म्हणशील, मी जाणूनबुजून दिली तपेली. दिली तवा मला म्हाईत नव्हतं, हे शपथेवर सांगते. तू मानायचं कारण न्हाय. तुझ्या जागी मी असते तर मी बी मानलं नसतं.

काल त्या डॉक्टरला फोन करून सगळं सांगितलं. तो रागावला. रागवाय पाहिजे हुताच. म्हणाला, लहान पोरांच्या अंगात मोठ्यापेक्षा जास्त शोषलं जातंय, डोक्यावर बी जातंय, एक दिवस घालवू नका. औषध हाय म्हणाला, बरं होतंय, पण आधी रक्त बघाय पाहिजे. उद्या सोमवार, सकाळी दहा. शांभवी बसवेश म्हणून नाव घालून ठेवलंय. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. ह्या वेळी रक्त तातडीनं पाठवणार, शुक्रवारी संध्याकाळी आकडा येणार म्हणाला. तपेली बरोबर ने, त्याला बघायचीय. मी तिथं असणार न्हाय. माझं तोंड बघायला लागू नये म्हणून हे पत्र दाराखालनं सरकवून मी आत्ताच्या एस्टीनं परत चाललेय. बसवेशला सांग, त्याचे दादा सुद्धा येणार न्हाईत. तुम्ही तिघंच जावा. पण जावा.

तू घरी परत ये, असं मी लिहीत न्हाय. तो हक्क माझा ऱ्हायला न्हाय. आज रात्री हे घरी आले की त्यांना पहिल्यापासनं सगळं सांगणार हाय, मग मोनाला कुंपणावर बोलवून सांगणार हाय, मोठ्यानं. ते माझं मी बघते.

तुझ्याकडनं मला एकच पाहिजे. माझा आकडा बावन्न हुता. तिचा किती, तेवढं कळव. शिव्या घालायच्या असल्या तर मागनं घाल, आधी आकडा लिही. ब्लॉक काढायचा नसला तर क्रांतीच्या फोनवरनं ह्यांना कळव, न्हायतर कागदावर लिहून पाटलांच्या टेंपोत दे. शनिवार, आठ मार्च, दुपारी बारापर्यंत.

शांतव्वा